आवडती वकीलबाई, नावडते आंदोलक

एखाद्या मालिकेचा नवा भाग प्रसारित झाल्यावर तिचे चाहते जे बोलतात, भांडतात, रडतात, त्याची गणना आपल्याकडे रिकामटेकड्यांच्या उद्योगात होते. न्यायालयीन मालिकांच्या बाबतीत तरी ही तुच्छता योग्य नाही, असे माझे मत आहे. अशा मालिकेचा प्रेक्षक नुसती गोष्ट ऐकत नसतो. पडद्यावरचे न्यायाधीश निकाल देण्याच्या कितीतरी आधी त्याने आपला निकाल देऊन टाकलेला असतो, आणि कोणाची बाजू घ्यायची, कोणाला पदरात घ्यायचे व कोणाचे म्हणणे ऐकूनही घ्यायचे नाही, हे त्यात ठरलेले असते. पडद्यासमोर दिलेला हा निकाल आणि तोच माणूस रस्त्यावर देतो तो निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. दक्षिण कोरियात 2022 च्या उन्हाळ्यात ती मिळाली, आणि दोन्ही निकाल एकमेकांशी अजिबात जुळले नाहीत.

मालिका होती ‘एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू’. 29 जून ते 18 ऑगस्ट 2022 या काळात ईएनए नावाच्या, तोवर कोरियातही फारशा कोणी न पाहिलेल्या वाहिनीवर तिचे 16 भाग दाखवले गेले. पहिल्या भागाला एक टक्कासुद्धा प्रेक्षक मिळाले नव्हते. शेवटच्या भागापर्यंत तो आकडा साडेसतरा टक्क्यांवर पोहोचला. नेटफ्लिक्समुळे ती त्याच वेळी जगभर गेली, आणि कोरियन मालिका उपशीर्षके वाचत पाहणाऱ्या मराठी घरांतही पोहोचली. नायिका वू यंग-वू ही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली तरुण वकील. कायद्याची पुस्तके तिला मुखोद्गत, देवमाशांचे वेड, स्पर्श आणि गोंगाट असह्य, फिरत्या दारातून आत कसे शिरायचे हा रोजचा पेच. आपले नाव उलटसुलट कसेही वाचले तरी तेच राहते, हे ती प्रत्येकाला सांगते आणि पुढे असेच आणखी शब्द मोजून दाखवते. त्यांत कोरियन भाषेतला ‘भारतीय माणूस’ हा शब्दही येतो, याची आपल्याकडच्या प्रेक्षकांना कोण गंमत वाटली. पार्क उन-बिन या अभिनेत्रीने ही भूमिका अशी केली की कोरियातल्या 2023 च्या बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणी विभागातला सर्वोच्च सन्मान तिच्याकडे गेला.

चाहत्यांच्या प्रतिक्रियांचा खरा प्रश्न मात्र नायिकेच्या लोभसपणात नाही. तो 6 जुलैला प्रसारित झालेल्या तिसऱ्या भागात आहे, आणि तो भाग जरा सविस्तर पाहावा लागेल.

या भागात वूकडे येणारा आरोपी किम जंग-हून हाही स्वमग्न आहे. पण तिच्यासारखा नाही. तो अंगाने मोठा आहे, त्याचे बोलणे तुटक आहे, घाबरला की तो स्वतःला आणि समोरच्यालाही मारतो, आणि पेंगसू नावाच्या लाडक्या पेंग्विनच्या गाण्याखेरीज त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग कोणाला ठाऊक नाही. त्याचा मोठा भाऊ देशातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठात वैद्यकीचा विद्यार्थी. तो मरण पावला आहे, आणि जंग-हूनने त्याला मारहाण करून ठार केले असा आरोप आहे. पुढे उलगडते ते असे की भाऊ आत्महत्येच्या प्रयत्नात होता आणि जंग-हून आपल्या परीने त्याला वाचवायला धडपडत होता. जी ओरड धमकी समजली गेली, ती त्याची भीती होती. आईवडिलांना हुशार मुलाचे नाव जपायचे आहे, म्हणून आत्महत्येची गोष्ट बाहेर येऊ नये असेच त्यांना वाटते. जिवंत असलेल्या मुलाच्या शिक्षेपेक्षा मेलेल्या मुलाची अब्रू त्यांना मोठी वाटते.

न्यायालयात सरकारी वकील कोंडी करतात ती आरोपीची नव्हे, वूची. स्वमग्नतेमुळे आरोपीची जबाबदारी कमी धरावी असे तुम्ही म्हणता. मग तुम्हीही स्वमग्न आहात, तर तुमच्या युक्तिवादावर न्यायालयाने विश्वास का ठेवावा? या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. त्याआधी तिने स्वगतात हान्स आस्परगरची आठवण काढलेली असते. स्वमग्न मुलांचा अभ्यास करणारा व्हिएन्नातला हा डॉक्टर नाझी राजवटीशी सहकार्य करत होता आणि कोणती मुले जगण्याच्या योग्यतेची व कोणती नाहीत, या निवडीत त्याचा हात होता. ऐंशी वर्षांपूर्वी आपण दोघेही जगायला नालायक ठरलो असतो, असे ती म्हणते, आणि मग आजच्या काळाकडे वळते: वैद्यकीचा विद्यार्थी मेला आणि स्वमग्न मुलगा जगला हे देशाचे नुकसान आहे, अशा अर्थाच्या प्रतिक्रियेला आजही शेकडो लोक पसंतीची खूण करतात, आमच्या अपंगत्वाचे ओझे ते हेच.

या जागी लेखिका मून जी-वॉन यांनी जे केले ते न्यायालयीन मालिकांत मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात प्रेक्षकाला उभे केले. मालिकेतल्या खटल्याच्या बातमीवर शेरे मारणारे लोक आणि मालिका पाहणारे लोक यांच्यात पडद्याच्या काचेपलीकडे काही अंतर नाही, हे त्यांनी न ओरडता सांगितले. यावर प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय झाली? ते हेलावले, भारावले, अनेकांना हा भाग सगळ्या मालिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. त्या अस्वस्थतेत खोटे काही नव्हते असे मी मानतो. पण अस्वस्थ झालेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघाला तेव्हा काय झाले, तेही पाहायला हवे.

त्याच महिन्यांत सोलच्या मेट्रोत अपंगांचे आंदोलन चालू होते. 3 डिसेंबर 2021 पासून, म्हणजे जागतिक अपंग दिनापासून, चाकाच्या खुर्च्यांवरची माणसे ऐन गर्दीच्या वेळी, विशेषतः चौथ्या मार्गिकेवर, गाडीत चढत आणि उतरत होती. चढायला-उतरायला त्यांना वेळ लागे, आणि गाड्या खोळंबत. मागण्या भव्य नव्हत्या: स्थानकांवर लिफ्ट, पायऱ्या नसलेल्या, जमिनीलगत तळ असलेल्या बस, बंदिस्त वसतिगृहांऐवजी वस्तीत राहण्यासाठी मदत, आणि या सगळ्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद. या लढ्याची मुळे जानेवारी 2001 मधल्या ओइदो स्थानकावरच्या अपघातात होती, जिथे चाकाच्या खुर्चीसाठीची लिफ्ट कोसळून एका वृद्ध अपंग स्त्रीचा मृत्यू झाला होता. वीस वर्षे अर्ज, मोर्चे, आश्वासने झाल्यावर माणसे रुळांपर्यंत आली. त्यावर प्रवाशांनी शिव्या घातल्या, आणि 2022 च्या वसंतात सत्तेवर येऊ घातलेल्या पक्षाचे अध्यक्ष ली जून-सक यांनी आंदोलक नागरिकांना ओलीस धरत असल्याची भाषा केली. बुधवारी आणि गुरुवारी रात्री जो समाज वूसाठी डोळे पुसत होता, तोच सकाळी खुर्चीवरच्या माणसाला ‘उतर’ म्हणून सांगत होता. आंदोलकांनी ही विसंगती त्याच दिवसांत व्यंगचित्रातून मांडली. ती कित्येकांना झोंबली, आणि झोंबावी अशीच होती.

यावर एक सरळ उत्तर दिले जाते आणि ते सोडून देण्यासारखे नाही. मालिका पाहायला कोणाचे काही खर्च होत नाही. गाडी चुकली तर रोजंदारीवरच्या माणसाचा पगार कापला जातो, परीक्षेला निघालेल्या मुलाचे वर्ष जाते. दोन्ही ठिकाणी एकच प्रतिक्रिया अपेक्षिणे अन्यायाचे आहे. हे मला मान्य आहे, निदान अर्धे. खोळंबलेल्या प्रवाशाचा राग समजण्यासारखा आहे. पण रागाचा रोख पाहा. लिफ्ट वेळेवर न बसवणाऱ्या प्रशासनावर तो फारसा गेला नाही. गेला तो लिफ्ट मागणाऱ्यांवर. शिवाय मालिका पाहायला काही खर्च होत नाही हेच तर माझे म्हणणे आहे. ज्या मायेचा काही खर्च नाही, तिच्यावरून समाज किती सुधारला याचा अंदाज बांधता येत नाही. आणि त्या उन्हाळ्यात कोरियात व बाहेरही तो बांधला जात होता. एका मालिकेने देशाची दृष्टी बदलली, असे कौतुकाने लिहिले-बोलले गेले.

मालिकेतच या रागाला एक चेहरा दिलेला आहे. क्वोन मिन-वू हा वूचा सहकारी वकील. त्याची तक्रार अशी: ही स्पर्धा न्याय्य नाही, वू प्रत्येक खटल्यात आम्हाला मागे टाकते, आणि तरी आम्ही तिला सांभाळून घ्यायचे, ती दुबळी आहे हा सगळा भ्रम आहे, ती आमच्याहून बलवान आहे. चाहत्यांनी या पात्राचा मनसोक्त द्वेष केला. उलट चोई सू-यॉन या सहकारी मुलीला वू ‘वसंतातले ऊन’ म्हणते तो पाचव्या भागातला उपाहारगृहातला प्रसंग त्यांनी डोक्यावर घेतला. सू-यॉन तिला बाटलीचे झाकण उघडून देते, बदललेल्या वर्गाची जागा सांगते, एवढेच. पण तेवढ्यात मैत्री सामावलेली आहे आणि प्रसंग खरोखरच देखणा आहे. आता मिन-वूचे वाक्य मालिकेतून बाहेर काढून मेट्रोच्या फलाटावर ठेवा. ‘हे लोक दुबळे नाहीत, यांनी आम्हाला वेठीला धरले आहे, खरे बिचारे आम्हीच.’ तीच वाक्यरचना, तोच कळवळा. मिन-वूला खलनायक ठरवणारा प्रेक्षक फलाटावर मिन-वूचे शब्द वापरत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. स्पर्धेत होरपळलेल्या कोरियन तरुणांत ‘न्याय्य संधी’ या कल्पनेला गेल्या काही वर्षांत जी धार आली आहे तिच्यामुळे मिन-वूची बाजू उघडपणे घेणारेही निघाले. ते निदान प्रामाणिक होते. आरक्षणाच्या वादात आपण आपल्याकडे हाच सूर किती वेळा ऐकतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

चाहत्यांच्या प्रतिक्रियेने काहीच साधत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सातव्या आणि आठव्या भागांत सोदक-दोंग या काल्पनिक गावातून रस्ता जाणार असतो आणि टेकडीवरच्या जुन्या वृक्षाचा प्रश्न उभा राहतो. चित्रीकरण झालेले झाड खरे होते: छांगवॉन शहराच्या हद्दीतल्या एका खेड्यातला, सुमारे 500 वर्षांचा हॅकबेरी वृक्ष. भाग दाखवल्यावर लोकांची रीघ लागली, वारसा खात्याने पाहणी केली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये त्या झाडाला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. मालिकेत न्यायालयाबाहेर झाडाला जो दर्जा मिळतो, तो प्रत्यक्षात काही आठवड्यांत मिळाला. म्हणजे चाहत्यांचा रेटा सरकारी यंत्रणेला हलवू शकतो, तेही झटपट. मग तिसऱ्या भागाचा रेटा लिफ्टपर्यंत का पोहोचला नाही? झाडाला काही मागायचे नव्हते. त्याच्यामुळे कोणाची गाडी चुकत नव्हती, कोणाच्या नोकरीत वाटेकरी येत नव्हता. त्याच्याखाली उभे राहून फोटो काढता येत होता. आणि तिथेही पाहायला आलेल्यांच्या पायांनी बुंध्याभोवतीची माती दबू लागली, म्हणून झाडाला प्रेक्षकांपासून वाचवण्याची पाळी आलीच.

मला वाटते, या मायेला एक अट चिकटलेली आहे, आणि ती अट गुणवत्तेची आहे. वू कायद्याची कलमे घडाघडा म्हणते, हरत आलेला खटला देवमाशाच्या उडीसरशी फिरवते, म्हणून ती आवडते. स्वमग्न माणसांत अशी असामान्य बुद्धी थोड्यांच्याच वाट्याला येते. बहुतेकांचे आयुष्य जंग-हूनच्या किंवा दोघांच्या मधल्या कुठल्यातरी रेषेवर जाते, आणि त्यांच्या आईवडिलांना ही मालिका पाहताना सुखाबरोबर एक बोचही लागली असणार. तिसऱ्या भागातल्या आईवडिलांनाही ती लागते. आपला मुलगा आणि ही वकील एकाच निदानाची आहेत, हे त्यांना सोसवत नाही. यात दोष लेखिकेचा मानायचा का? थोडा मानता येईल. मून जी-वॉन यांच्या ‘इनोसंट विटनेस’ या 2019 च्या चित्रपटात स्वमग्न मुलीला वकील व्हायचे असते, पण आपण होऊ शकणार नाही हे ती स्वतःच सांगते आणि साक्षीदार होण्यात समाधान मानते. त्या मुलीची इच्छा मालिकेने पूर्ण केली, पण त्यासाठी तिला प्रतिभेचे दान द्यावे लागले. प्रत्यक्षात स्वमग्न माणसे वकील होतातच. फ्लोरिडात हेली मॉस यांना 2019 मध्ये सनद मिळाली. तरी लेखिकेने वूच्या शेजारी जंग-हूनला आणून बसवले होते, आणि तेही तिसऱ्याच भागात, म्हणजे नायिकेवरची माया पक्की होण्याच्या आत. निवड प्रेक्षकांनी केली. त्यांनी देवमासे घेतले, गिम्बाप नावाच्या भाताच्या गुंडाळीचे नीट रचलेले तुकडे घेतले, नाव सांगण्याची लकब घेतली, आणि ओरडणारा धिप्पाड मुलगा तिथेच सोडला.

त्या लकबीचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. वूसारखे बोलून, मान वाकडी करून, नजर चुकवून केलेल्या नकला त्याच उन्हाळ्यात चित्रफितींत दिसू लागल्या आणि अपंगत्वाची टिंगल म्हणून त्यांच्यावर टीका झाली. करणाऱ्यांचे म्हणणे, आम्ही तर चाहते आहोत. असतीलही. आवडणे आणि आदर करणे यांत किती फट असते ते मालिकेनेच एका छोट्या प्रसंगात दाखवले आहे: वू आणि तिचा प्रियकर ली जून-हो रस्त्याने चाललेले असताना त्याची एक जुनी ओळखीची मुलगी भेटते, वूला पाहून तो अजून समाजसेवेचे काम करतो असे समजते आणि त्याचे हसतमुखाने कौतुक करते. ती मुलगी दुष्ट नाही. ती चांगलीच वागते आहे, आणि म्हणूनच तिला उत्तर देता येत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना चित्रपटांतल्या अपंग पात्रांविषयी काही सूत्रे घालून दिली. अपंगांची भ्रामक समजुतींवरून खिल्ली उडवू नये, हे त्यातले अपेक्षित सूत्र. त्याच वाक्यात न्यायालयाने दुसरे टोकही नाकारले: अपंग माणसाला अतिमानवी पराक्रमी म्हणूनही रंगवू नये. ही सूत्रे निर्मात्यांसाठी आहेत. प्रेक्षकांना अशी सूत्रे कोणी घालून देऊ शकत नाही, देऊही नयेत; आवड ही न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातली गोष्ट नव्हे. पण आवडीचे रूपांतर मतात होते, मताचे धोरणात, आणि तिथे तिची उलटतपासणी करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

ही उलटतपासणी आपल्याकडे सुरू करायची तर सोलपर्यंत जावे लागत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी छोटा डबा राखलेला असतो. गर्दीच्या वेळी त्यात धडधाकट माणसे दाटीवाटीने उभी असतात, रेल्वे पोलीस अधूनमधून दंड करतात आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा तसाच भरतो. कोणी आक्षेप घेतला तर उत्तर मिळते, ‘आम्हालाही कामावर जायचंय.’ नोकऱ्यांचेही तसेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला तेव्हा मान्यताप्राप्त अपंगत्वांची यादी 7 वरून 21 वर गेली आणि 1995 च्या कायद्यात नसलेली स्वमग्नता तिच्यात आली. सरकारी आस्थापनांतल्या किमान 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्वे असलेल्यांसाठी मिळून ठेवला गेला; म्हणजे वू आणि जंग-हून या दोघांनाही त्या एका टक्क्यात इतर अनेकांबरोबर दाटीने बसायचे आहे. कोरियात खासगी कंपन्यांनाही 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर 3.1 टक्के अपंगांना नोकरी द्यावी लागते, आणि मोठ्या कंपन्यांनी ती दिली नाही तर सरकारला ठरावीक रक्कम भरावी लागते. अनेक कंपन्या रक्कम भरणे पसंत करतात. वू ज्या हानबादा या बड्या वकिली कचेरीत काम करते तिच्यासारख्या कचेऱ्यांनी रक्कम भरावी की माणसे घ्यावीत, हा प्रश्न मालिकेच्या चाहत्यांच्या कक्षेतला आहे, कारण त्यातले कितीतरी जण अशाच कचेऱ्यांत नोकरी करतात, मुलाखती घेतात, शेजारच्या टेबलावर कोण बसणार हे ठरवतात. आणि त्या टेबलाशी उद्या आलेला उमेदवार बहुधा वूइतका हुशार नसेल.